आयईएलटीएस रायटिंग ६.५ वर अडकलंय? आधी कुठे अडकलंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आयईएलटीएस ॲकॅडेमिक, म्हणजे उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा, तीनदा दिली. शेवटच्या वेळी लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६.५. आधीच्या दोन्ही वेळांनाही रायटिंग ६.५ च होतं. प्रवेशासाठी प्रत्येक विभागात किमान ७ हवेत. रोज एक निबंध लिहून होतो, अवघड शब्दांची वही भरत आली आहे, सुरुवातीचे आणि शेवटाचे साचे पाठ आहेत. आता चौथ्यांदा द्यावी, फेरतपासणी मागावी, की दुसऱ्याच परीक्षेकडे वळावं?

तुमच्या चार गुणांची सरासरी ७.२५ येते. सरासरी .२५ वर आली की ती वरच्या अर्ध्या बँडला (बँड म्हणजे गुणांची पायरी) नेतात, म्हणून तुमच्या पत्रकावर ओव्हरऑल ७.५ छापून आलं असणार. इतकं ऐकता, वाचता आणि बोलता येणाऱ्या माणसाला 'इंग्रजी सुधारा' हा सल्ला काही कामाचा नाही. तुमच्यापुढचा खरा प्रश्न बराच लहान आहे: परीक्षक कोणत्या निकषांवर ६ देतोय आणि कशामुळे? याचं उत्तर हाती नसताना रोज एक निबंध लिहिला, तर तीच चूक रोज एकदा पक्की होत जाते. तीन वेळा तोच आकडा येणं हे बहुतेक वेळा याचंच लक्षण असतं.

६.५ तयार कसा होतो ते आधी पाहू. रायटिंगमध्ये दोन टास्क असतात: टास्क १ म्हणजे आलेख-तक्त्यासारख्या माहितीचं वर्णन आणि टास्क २ म्हणजे निबंध. दोन्हींना प्रत्येकी चार निकष असतात आणि चारही सारख्याच वजनाचे असतात. टास्क २ मध्ये पहिला निकष टास्क रिस्पॉन्स, म्हणजे विचारलं त्याचं उत्तर दिलं का. दुसरा कोहिरन्स अँड कोहिजन, म्हणजे मांडणी आणि वाक्यांची जोडणी. तिसरा शब्दसंपत्ती आणि चौथा व्याकरण: त्यातलं वैविध्य आणि अचूकता. प्रत्येक निकषाला पूर्ण बँड मिळतो. म्हणजे ७, ७, ६, ६ असे मिळाले की सरासरी ६.५. शिवाय टास्क २ चं वजन टास्क १ च्या दुप्पट असतं. तुम्ही सगळीकडेच थोडे थोडे कमी पडताय असं असेलच असं नाही. बऱ्याचदा दोन निकष ७ वर असतात आणि उरलेले दोन खाली ओढत असतात. तयारीचा सगळा वेळ त्या दोन निकषांवर जायला हवा.

ते दोन कोणते, हे तुमचा निबंध समोर असल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. पण लिसनिंग-रीडिंग उत्तम आणि रायटिंग ६.५ अशी जोडी असलेल्यांचे निबंध तपासताना टास्क रिस्पॉन्स आणि व्याकरणाची अचूकता या दोन जागा सगळ्यात जास्त वेळा सापडतात. शब्दसंपत्ती क्वचितच. गंमत अशी की मेहनत मात्र बहुतेकांची शब्दांवरच चाललेली असते.

टास्क रिस्पॉन्स एका उदाहरणाने बघू. समजा प्रश्न असा आहे: 'शहरांतली वाहतूक कोंडी कमी व्हावी म्हणून कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावं. तुम्ही कितपत सहमत आहात?' यावर येणारं नेहमीचं उत्तर म्हणजे घरून काम करण्याचे फायदे आणि तोटे. वेळ वाचतो, पैसा वाचतो, कुटुंबाला वेळ देता येतो, पण एकटेपणा येतो. इंग्रजी चांगलं असेल तरी हे उत्तर ६ च्या आसपास थांबतं, कारण प्रश्न कोंडीबद्दल आहे आणि कोंडी फक्त प्रस्तावनेत एकदा डोकावून गेली. प्रश्नातलं 'कोंडी कमी व्हावी म्हणून' हे कलम सोडून दिलं, तर विषय धरला पण प्रश्न हातून निसटला असं होतं.

आता याच प्रश्नावर एक परिच्छेद कसा उभा करायचा ते बघा. पहिलं वाक्य दावा करतं: घरून काम केल्याने गर्दीच्या तासांमधली कोंडी नक्की कमी होईल. दुसरं कारण सांगतं: सकाळी आणि संध्याकाळी रस्त्यावर येणाऱ्यांत ठरावीक वेळी कार्यालय गाठणाऱ्यांचा वाटा मोठा असतो. तिसरं ते प्रत्यक्षात उतरवतं: कर्मचाऱ्यांनी आठवड्यातले दोन दिवस घरून काम केलं आणि ते दिवस विभागानुसार वाटून दिले, तर रोजच्या फेऱ्या लगेच घटतात. चौथं मर्यादा दाखवतं: रुग्णालयं, कारखाने आणि मालवाहतूक घरून चालत नाही, म्हणून दिवसभराच्या वाहतुकीवर परिणाम कमी होईल. एकच मुद्दा चार वाक्यांत पुढे पुढे सरकला आणि शेवटी भूमिकाही कळली: सहमत, पण गर्दीच्या तासांपुरतं. ७ च्या उत्तरात मुद्दे नेहमी जास्त असतात असं नाही. ते शेवटपर्यंत नेलेले असतात. एका परिच्छेदात तीन मुद्दे भरायची सवय असेल तर ती आधी सोडा.

लिहायला बसण्यापूर्वी पाच ते सात मिनिटं आराखड्यासाठी ठेवा. प्रश्नातल्या प्रत्येक कलमाखाली रेघ मारा. मग स्वतःची भूमिका एका वाक्यात लिहा आणि तिच्यातून दोन परिच्छेदांचे दोन दावे काढा. भूमिकेचं ते वाक्य एका दमात लिहिता येत नसेल तर निबंध सुरू करू नका, कारण मग अर्ध्यावर मत बदलतं, आणि भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट असणं ही ७ ची अट आहे.

पाठ केलेले साचे इथे थेट नुकसान करतात. 'या निबंधात मी दोन्ही बाजूंची चर्चा करून माझं मत मांडणार आहे' अशा अर्थाचं वाक्य कुठल्याही विषयाला चालतं, आणि नेमकं म्हणूनच ते काहीच सांगत नाही. पाठ केलेली भाषा परीक्षकाला लगेच ओळखू येते आणि ती तुमची भाषा म्हणून धरली जात नाही. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली तरी तेच होतं. प्रस्तावना दोन वाक्यांची पुरे: एकात विषय स्वतःच्या शब्दांत, दुसऱ्यात भूमिका.

आता व्याकरण. बँडचे जाहीर निकष वाचले तर फरक अगदी नेमका दिसतो. ६ मध्ये साधी आणि गुंतागुंतीची वाक्यं मिसळलेली असतात आणि चुका असल्या तरी अर्थ सहसा कळतो. ७ मध्ये बिनचूक वाक्यं वारंवार यायला हवीत. ८ मध्ये बहुसंख्य वाक्यं बिनचूक हवीत. म्हणजे इथे वाक्य मोजायचं. एका वाक्यात एक 'द' राहिला तरी ते वाक्य बिनचूक राहिलं नाही. तुमचा एक जुना निबंध घ्या, वाक्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येकासमोर बरोबर किंवा फुली करा. चौदा वाक्यांच्या निबंधात आठ-नऊ स्वच्छ निघाली तर व्याकरण ७ च्या बाजूला आहे असं मी धरतो. पाच-सहाच निघाली तर तुमचा ६.५ तिथेच तयार होतोय.

या फुल्या कशाच्या असतात? मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या चुका फार ठरावीक असतात. पहिली आर्टिकलची. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' नाहीत, म्हणून घाईत ते गळतात: 'गव्हर्नमेंट शुड टेक ॲक्शन' लिहिलं जातं, हवं असतं 'द गव्हर्नमेंट'. आणि एकदा धास्ती बसली की मग 'द पोल्यूशन', 'द सोसायटी' असे नको तिथे 'द' येऊ लागतात. दुसरी 'जरी-तरी'ची. मराठीत जोडी लागते, म्हणून 'ऑल्दो'ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'बट' येतो. इंग्रजीत दोघांपैकी एकच चालतो. तिसरी 'कारण'ची. 'घरून काम करावं. कारण त्यात वेळ वाचतो.' हे मराठीत बिनधास्त चालतं. इंग्रजी निबंधात 'बिकॉज'पासून सुरू झालेलं आणि तिथेच संपलेलं वाक्य अर्धवट ठरतं. चौथी कर्ता आणि क्रियापद दूर गेल्यावरची: 'द नंबर ऑफ कार्स'पुढे 'हॅव' लिहिलं जातं, हवं असतं 'हॅज', कारण वाढलाय तो नंबर. 'वन ऑफ द मेन'पुढे 'रीझन' लिहिलं जातं, हवं असतं 'रीझन्स'. मग अनेकवचन न होणारे शब्द: इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट, रिसर्च, यांना शेवटी 'स' लागत नाही. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको, 'डिस्पाइट'पुढे 'ऑफ' नको. आणि विरामचिन्हांत सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने जोडणं, विशेषतः मध्ये 'हाउएव्हर' असताना. तिथे पूर्णविराम द्या आणि 'हाउएव्हर'ने नवं वाक्य सुरू करा.

या सगळ्या चुका प्रत्येकाच्या नसतात. एका माणसाच्या सहसा तीन-चारच प्रकारच्या असतात आणि त्या पुन्हा पुन्हा येतात. म्हणून शब्दांच्या वहीऐवजी चुकांची वही ठेवा. तीन रकाने करा: चुकलेलं वाक्य, दुरुस्त वाक्य, चुकीचा प्रकार. चार निबंधांतच तुमचे प्रकार समोर येतील. परीक्षेत शेवटची पाच मिनिटं निबंध नुसता 'वाचायचा' नाही, कारण स्वतःचं लिखाण वाचताना डोळा राहिलेला शब्द आपोआप भरून घेतो. एका फेरीत एकच प्रकार शोधायचा: पहिल्या फेरीत फक्त कर्ता-क्रियापद, दुसरीत फक्त आर्टिकल.

जोडशब्दांवर जास्त वेळ घालवायची गरज नाही. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी 'मोरओव्हर', 'फर्दरमोर', 'इन ॲडिशन' असेल तर जोडणी यांत्रिक आहे असं परीक्षक नोंदवतो, आणि हे ६ चं वर्णन आहे. एक चाचणी घ्या: ते शब्द बोटाने झाका आणि परिच्छेद वाचा. अर्थाचा धागा टिकला तर मांडणी ठीक आहे. तुटला तर जोडशब्द फक्त वरून चिकटवले होते. त्याऐवजी आधीच्या वाक्यातली कल्पना 'धिस चेंज', 'सच अ पॉलिसी' अशा शब्दांनी पुढच्या वाक्याचा कर्ता करा. जोडणी आतून होते.

शब्दसंपत्तीबद्दल. ७ साठी कमी वापरातले काही शब्द यावेत अशी अपेक्षा आहेच, पण ते योग्य सोबतीला यावेत हेही त्याच ओळीत आहे. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, 'स्ट्राँग' नाही. चूक 'मेक' करतात, 'डू' करत नाहीत. पाठ केलेले भारी शब्द इथेच घसरतात. प्रश्नात 'यंग पीपल' असेल आणि तो शब्द बदलायचाच म्हणून 'जुव्हेनाइल्स' लिहिलं, तर रोख कायद्याच्या आणि गुन्ह्याच्या संदर्भाकडे वळतो आणि अर्थच बदलतो. प्रश्नातला साधा शब्द दोनदा आला तर काही बिघडत नाही. वहीतले शब्द ठेवायचे असतील तर एकटे लिहू नका, सोबतचं क्रियापद किंवा विशेषण घेऊन लिहा.

टास्क १ ला बहुतेक जण उरलेला वेळ देतात आणि तिथे बँड गमावतात. ॲकॅडेमिकमध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रिया येते. इथे सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ओव्हरव्ह्यू: आकडे न देता एकूण चित्र सांगणारी दोन वाक्यं. तीस वर्षांतल्या चार ऊर्जास्रोतांचा रेषालेख असेल, तर कोणता सतत वाढला, कोणता घटला, सुरुवातीला पहिला कोण होता आणि शेवटी कोण झाला, एवढंच. ओव्हरव्ह्यू नसेल तर बाकी वर्णन कितीही अचूक असलं तरी ७ अवघड. त्यानंतर एकेक वर्ष वाचून दाखवू नका. वाढणारे दोन स्रोत एका परिच्छेदात आणि घटणारे दोन दुसऱ्यात घ्या, आणि त्यांची एकमेकांशी तुलना करा. वाढ का झाली याची कारणं लिहायची नाहीत, ती आलेखात नसतात. टक्केवारीत एक चूक फार होते: २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर जाणं म्हणजे '१० टक्के वाढ' नव्हे. ती १० 'पर्सेंटेज पॉइंट्स'ची वाढ आहे. मूळ आकड्याच्या हिशेबात ती ५० टक्के होते.

वेळ एकूण ६० मिनिटं आणि ती वाटून घेणं तुमच्या हातात. टास्क २ ला ४० आणि टास्क १ ला २० ही विभागणी योग्य आहे. क्रमाची सक्ती नाही, म्हणून ज्यांचा शेवट घाईत होतो त्यांनी दुप्पट वजनाचं टास्क २ आधी लिहावं. टास्क १ ला किमान १५० आणि टास्क २ ला किमान २५० शब्द हवेत. १७० ते १९० आणि २७० ते ३०० पुरेसे आहेत. ३५० शब्दांच्या निबंधाला जास्तीचे गुण नसतात, पण चुकांना जास्त जागा मात्र मिळते आणि तपासायचा वेळ जातो. संगणकावर शब्द आपोआप मोजले जातात आणि वाक्यं उचलून हलवता येतात, पण स्पेलिंग कोणी दुरुस्त करून देत नाही. घरी सराव करतानाही ऑटोकरेक्ट बंद ठेवा. टायपिंग अडखळत असेल आणि कागदावरच्या परीक्षेचा पर्याय मिळत असेल, तर तो घ्या.

सराव असा बदला. रोज एक निबंध बंद करा. आठवड्यात एक प्रश्न घ्या. पहिल्या दिवशी ४० मिनिटांत घड्याळ लावून लिहा. दुसऱ्या दिवशी घड्याळाशिवाय वाक्यं मोजा, फुल्या मारा, वही भरा, आणि प्रश्नातलं प्रत्येक कलम कुठे हाताळलंय ते समासात खूण करून दाखवा. खूण करता आली नाही तर ते कलम सुटलंय. तिसऱ्या दिवशी तोच निबंध पुन्हा लिहा. चौथ्या दिवशी त्याच प्रकारचा दुसरा प्रश्न घ्या आणि फक्त आराखडा आणि एक परिच्छेद लिहा. उरलेल्या दिवसांत एक-दोन टास्क १ करा. मध्ये मध्ये चांगलं इंग्रजी येणाऱ्या दुसऱ्या कोणालातरी निबंध द्या, पण 'कसा वाटला' विचारू नका. 'माझं मत काय आहे ते एका वाक्यात सांगा' असं विचारा. त्यांना ते सांगता आलं नाही, तर परीक्षकालाही सापडलं नसणार.

आता तुमचे तीन पर्याय. फेरतपासणी परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत मागता येते, आणि बँड वाढला तर शुल्क परत मिळतं. रायटिंग एकदाच अनपेक्षितपणे घसरलं असतं तर मी ती लगेच मागायला सांगितली असती. तीन वेगवेगळ्या वेळी तोच आकडा आला असताना तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. मुदतीत असाल आणि शुल्क परवडत असेल तर अर्ज करा, पण सराव थांबवू नका.

तुमच्यासाठी जास्त उपयोगाचं आहे ते वन स्किल रिटेक: संगणकावर परीक्षा दिली असेल तर चारपैकी एकच विभाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. बाकीचे तीन गुण तसेच राहतात आणि नवं पत्रक मिळतं. सगळ्या केंद्रांवर ही सोय नसते, आणि सगळ्या संस्था असं पत्रक स्वीकारत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी प्रवेश विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरी परीक्षा घ्यायची तर कारण नीट तपासा. पीटीई ॲकॅडेमिक या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेत गुण १० ते ९० च्या पट्टीवर मिळतात आणि तपासणीचा मोठा भाग संगणक करतो. २० मिनिटांत २०० ते ३०० शब्दांचा निबंध असतो, आणि दिलेल्या उताऱ्याचा सारांश एकाच वाक्यात, ७५ शब्दांच्या आत लिहायचा असतो. तिथे एका प्रश्नाचे गुण दोन कौशल्यांत जाऊ शकतात, म्हणून चांगलं ऐकणाऱ्याला थोडा आधार मिळतो. तुमचं लिसनिंग ८ आहे आणि टायपिंग बरं असेल, तर हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. पण सुटणारे आर्टिकल आणि अर्धवट वाक्यं तिथेही गुण कापतात. टोफेल या तिसऱ्या परीक्षेचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: जानेवारी २०२६ पासून तिची रचना बदलली आहे आणि गुण १ ते ६ च्या पट्टीवर दिले जातात, त्यामुळे आधीच्या सराव पुस्तकांवर तयारी करू नका. कोणतीही परीक्षा निवडली तरी ती तुमच्या संस्थेला चालते का आणि तिथे किती गुण लागतात हे आधी पाहा. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरले जातात, प्रवेशाची तारीख त्यात बसायला हवी.

पुढची तारीख घेण्यासाठी मी एक साधी अट घालेन. घड्याळ लावून, नव्या प्रश्नांवर लिहिलेल्या सलग तीन निबंधांत चौदातली निदान नऊ वाक्यं स्वच्छ निघाली आणि तिन्ही वेळा वाचणाऱ्याला तुमचं मत एका वाक्यात सांगता आलं, की तारीख घ्या. साठ दिवसांची मुदत चालू असेल तर शेवटचे दहा दिवस सोडून आधीचीच तारीख बघा. मुदत टळली असेल तर वन स्किल रिटेकसाठी घाई उरलेली नाही. अशा वेळी सहा ते आठ आठवडे वर सांगितल्याप्रमाणे सराव करा आणि मग पूर्ण परीक्षा द्या. तुमचा एखादा जुना निबंध प्रश्नासकट इथे टाकलात, तर कोणते दोन निकष खाली ओढताहेत ते वाक्यावाक्याने दाखवता येईल.